शॉकअप बदलण्यापूर्वी गाडी किती बसते ते मोजा

शनिवारची पहाट उजाडली की छत्रपती संभाजीनगरातून मोटारसायकली बाहेर पडू लागतात. कुणी दौलताबादच्या किल्ल्याखालून वेरूळ आणि म्हैसमाळकडे निघतो, कुणी त्याच रस्त्याने पुढे कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला जातो, कुणी सिल्लोडमार्गे अजिंठा गाठतो, तर कुणी जालन्यावरून लोणारच्या वाटेला लागतो. शहराजवळून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला. परंतु त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे दुचाकीवरील प्रवाशाच्या वाट्याला जुनेच रस्ते येतात. कुठे नवे काँक्रीट, कुठे अर्धवट खोदलेली बाजू, गावोगावचे गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे या साऱ्यांतून त्याला वाट काढावी लागते.

अशा प्रवासात मागे बसलेल्या व्यक्तीची पाठ सर्वांत आधी तक्रार करू लागते. गाडी खड्ड्यात आदळते, गतिरोधकावरून उतरताना मागून धक्का बसतो, वळणावर मागचा भाग हेलकावतो. मग गॅरेजमधून ठरलेला सल्ला मिळतो, ‘शॉकअप गेले, नवे टाका.’ बाजारात साध्या जोडीपासून वायुयुक्त, बाहेर डबी असलेल्या परदेशी बनावटीच्या शॉकअपपर्यंत नाना प्रकार उपलब्ध आहेत. मात्र यांपैकी कोणता शॉकअप आपल्या गाडीला आणि आपल्या वजनाला योग्य, हे ठरविणारे मोजमाप क्वचितच कुणी करतो. त्यासाठी एक मोजपट्टी, दोन मदतनीस आणि अर्धा तास एवढेच पुरेसे असते.

वाळूजची ओळख

हा विषय या शहराला परका नाही. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनविणाऱ्या उद्योगांचे जाळे उभे राहिले. त्यातून वाढलेल्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीचे मुख्यालय आजही वाळूज औद्योगिक वसाहतीत असून दुचाकींचे पुढील फोर्क आणि मागील शॉकअप ही तिच्या प्रमुख उत्पादनांपैकी आहेत. थोडक्यात, देशातील असंख्य दुचाकींचे धक्के पचविणारा भाग ज्या शहरात घडतो, त्याच शहरातील अनेक चालकांनी आपल्या शॉकअपवरील खाचांची कडी एकदाही फिरविलेली नसते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतीय मोटारसायकलींच्या मागील सस्पेन्शनमध्ये मोठे बदल झाले. २००४ मध्ये आलेल्या होंडा युनिकॉर्नने एकेरी शॉकअप, म्हणजे मोनोशॉक, सर्वसामान्य खरेदीदारापर्यंत पोहोचविला. बजाजने पल्सरवर ‘नायट्रॉक्स’ या नावाने वायुयुक्त शॉकअप दिले, तर प्लॅटिनासारख्या गाड्यांवर एका स्प्रिंगच्या आत दुसरी स्प्रिंग बसविली. मोनोशॉकची कल्पना त्याहून जुनी आहे. बेल्जियमचे अभियंते ल्युसियँ टिल्केन्स यांची रचना यामाहाने स्वीकारली आणि १९७३ मध्ये त्याच रचनेच्या गाडीवर स्वीडनच्या हाकान अँडरसनने २५० सीसी गटाचे मोटोक्रॉस जगज्जेतेपद मिळविले. रचना बदलत गेल्या, तरी शॉकअपची मूळ कामे दोनच राहिली आहेत.

दोन भाग, दोन कामे

बोलीभाषेत ज्याला शॉकअप म्हणतात, त्यात वस्तुतः दोन वेगळी उपकरणे एकत्र बसविलेली असतात. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते आणि खड्ड्याचा आघात साठवून घेते. आतील नळीत तेल आणि दट्ट्या असतो, तो डॅम्पर. दट्ट्यातील बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते आणि स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हळूहळू खर्च होते. डॅम्पर नसेल तर गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी अंतर वरखाली होत राहील. दबताना होणारा विरोध म्हणजे कॉम्प्रेशन आणि स्प्रिंग पुन्हा उलगडताना होणारा विरोध म्हणजे रिबाउंड.

तक्रार या दोहोंपैकी कशाची आहे, हे आधी ओळखले पाहिजे. गाडी उभी असताना सीट जोराने दाबून सोडावी. ती वर येऊन लगेच स्थिरावली तर डॅम्पर बहुधा ठीक आहे. ती दोन-तीन वेळा झुलत राहिली, किंवा दट्ट्याच्या दांड्यावर तेल ओघळलेले दिसले, तर डॅम्पर संपला आहे. याउलट उसळी आवरली जात असूनही दोघे बसताच गाडी खाली जात असेल, तर प्रश्न स्प्रिंगचा किंवा तिच्या मांडणीचा आहे.

शॉकअपवर दोष ठेवण्यापूर्वी आणखी काही गोष्टी तपासणे आवश्यक असते. डबलसीटसाठी टायरमध्ये हवेचा दाब निर्मात्याने सांगितल्याइतका आहे का, चिमट्याचे बुश झिजले आहेत का, मागच्या चाकाचे बेअरिंग ढिले आहे का आणि मोनोशॉक असल्यास त्याच्या सांध्यांना शेवटचे ग्रीस केव्हा लावले, हे पाहावे. झिजलेल्या चिमट्यावर कितीही महाग शॉकअप बसविला तरी वळणावरचा हेलकावा जात नाही.

मागच्या चाकाचा हिशेब

दौऱ्याला निघालेल्या गाडीवर नेमका किती भार पडतो, याचा साधारण अंदाज एका उदाहरणाने येऊ शकेल. ७५ किलो वजनाचा चालक एकटा बसला असता त्याच्या वजनापैकी सुमारे ६० टक्के, म्हणजे ४५ किलो भार मागील चाकावर येतो असे धरू. मागे बसलेली ६० किलो वजनाची व्यक्ती जवळजवळ मागील आसाच्या वरच असते. तिच्या वजनापैकी ९० टक्के, म्हणजे ५४ किलो मागे येतात. मागच्या पेटीतील आणि बाजूच्या पिशव्यांतील २५ किलो सामान तर पूर्णपणे मागच्या चाकावरच असते. बेरीज होते १२४ किलो. एकट्याच्या प्रवासात ४५ किलो पेलणाऱ्या स्प्रिंगला सहलीच्या दिवशी पावणेतीन पट भार उचलावा लागतो.

आता मागील चाकाची एकूण हालचाल ११० मिलिमीटर आहे आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला अडीच किलो आहे असे समजू. गाडी स्वतःच्या वजनाने १५ मिलिमीटर बसते. एकट्या चालकाने ती आणखी १८ मिलिमीटर बसून एकूण ३३ होते. दोघे आणि सामान मिळून मात्र ती ६५ मिलिमीटर बसते. म्हणजे रस्त्यावर येण्याआधीच निम्म्याहून अधिक हालचाल खर्च झाली आणि खड्ड्यासाठी उरली केवळ ४५ मिलिमीटर. पाठीला बसणारा तो कठीण दणका येथून येतो. स्प्रिंग ‘कडक’ असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती मऊ असल्याने शॉकअप तळाला टेकलेला असतो.

सर्वच गाड्यांना सारखी मोकळीक नसते. २०१६ मध्ये आलेल्या रॉयल एन्फिल्ड हिमालयनच्या मागील चाकाला १८० मिलिमीटर हालचाल दिलेली होती. त्याच कंपनीच्या इंटरसेप्टर ६५० या २०१८ मधील गाडीत ती ८८ मिलिमीटर होती. दुसऱ्या प्रकारच्या गाडीवर डबलसीट दौरा करणाऱ्यास प्रत्येक मिलिमीटर जपून वापरावा लागतो.

मोजायचे कसे

भाराने गाडी किती बसते याला तंत्रज्ञ ‘सॅग’ म्हणतात. तो काढण्यासाठी तीन मोजमापे लागतात. प्रथम गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवावे आणि चाकाच्या आसापासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. नंतर गाडी जमिनीवर सरळ उभी करून तेच अंतर पुन्हा घ्यावे. शेवटी चालक, मागे बसणारी व्यक्ती आणि सामान असा प्रत्यक्ष दौऱ्याचा भार चढवून, एका मदतनिसाने गाडी तोलून धरली असता दुसऱ्याने तिसरे मोजमाप घ्यावे. दर वेळी गाडी एकदा हलकेच दाबून सोडावी, म्हणजे सीलच्या घर्षणामुळे येणारी चूक कमी होते.

पहिल्या आणि दुसऱ्या मापातील फरक हा रिकाम्या गाडीचा सॅग, तर पहिल्या आणि तिसऱ्या मापातील फरक हा भारासहित सॅग होय. रस्त्यावरील गाडीसाठी भारासहित सॅग एकूण हालचालीच्या साधारण एक-तृतीयांश असावा, असा प्रचलित आडाखा आहे. ११० मिलिमीटर हालचाल असल्यास तो ३३ ते ३७ मिलिमीटर येतो. रिकाम्या गाडीनेही थोडे, पाच-दहा मिलिमीटर तरी, बसलेच पाहिजे. अन्यथा रस्त्यातील खोलगट जागी चाक खाली उतरू शकत नाही आणि त्याची जमिनीवरील पकड सुटते.

प्रीलोडविषयीचा गैरसमज

शॉकअपच्या बुडाशी असलेली खाचांची कडी हुक-पान्याने फिरविली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. हा प्रीलोड. कडी वरच्या खाचेत नेली की स्प्रिंग कडक झाली, असे सर्रास मानले जाते. वास्तविक सरळ वळ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेची जाडी, वळ्यांचा व्यास आणि वळ्यांची संख्या यांवर ठरतो. तो पान्याने बदलत नाही. प्रीलोडमुळे गाडी उचलली जाते आणि खड्ड्यासाठी अधिक हालचाल शिल्लक राहते, इतकेच.

हेही काही कमी नाही. वरील उदाहरणात प्रीलोडने गाडी २० मिलिमीटर उचलली तर भारासहित सॅग ६५ वरून ४५ वर येतो. विनाखर्च मिळणारी ही सुधारणा सर्वप्रथम करून पाहावी. दुहेरी शॉकअप असल्यास दोन्ही बाजूंच्या कड्या एकाच खाचेत असल्याची खात्री करावी. मात्र इतका प्रीलोड दिल्यावर रिकामी गाडी मुळीच बसत नाही, असे दिसून येईल. पूर्ण भारात अति बसणे आणि रिकामी असता अजिबात न बसणे ही मऊ स्प्रिंगची निश्चित खूण आहे. येथे पान्याचे काम संपते आणि स्प्रिंग बदलण्याचा विचार सुरू होतो.

त्याच गाडीला दर मिलिमीटरला साडेतीन किलोची स्प्रिंग बसविली, तर १२४ किलोंनी ती सुमारे ३५ मिलिमीटर दबते. रिकाम्या गाडीचा सॅग ५ मिलिमीटर राखला तरी भारासहित सॅग ४० होतो आणि खड्ड्यांसाठी ७० मिलिमीटर शिल्लक राहतात. एकट्याने फिरताना प्रीलोड कमी केला की गाडी फारशी ताठही वाटत नाही. एकच स्प्रिंग दोन्ही प्रकारच्या प्रवासाला तंतोतंत जुळत नाही. म्हणून वर्षातील बहुतांश किलोमीटर एकट्याचे की दोघांचे, याचे प्रामाणिक उत्तर दुकानात जाण्यापूर्वीच स्वतःला द्यावे लागते.

नुसती स्प्रिंग की पूर्ण शॉकअप?

कडक स्प्रिंग दबल्यावर तितक्याच जोराने परत उसळते. तिला आवरण्यासाठी रिबाउंडचा विरोधही वाढवावा लागतो. जुन्या, थकलेल्या डॅम्परवर नुसती कडक स्प्रिंग चढविली तर गतिरोधकानंतर मागे बसलेली व्यक्ती सीटवरून उचलली जाते. डॅम्पर सुस्थितीत असून स्प्रिंग थोडीच कडक करावयाची असेल तर नुसती स्प्रिंग चालून जाते. अन्यथा दोन्ही एकत्र बदलणे श्रेयस्कर. काही शॉकअप उघडून त्यांतील तेल आणि सील बदलता येतात. असा शॉकअप सुरुवातीला महाग पडला तरी अनेक वर्षे टिकतो.

वायुयुक्त शॉकअपविषयीही बरेच समज आहेत. सततच्या हालचालीने तेल तापते. त्यात हवा मिसळून फेस झाला की दट्ट्याचा विरोध एकाएकी घटतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तास-दोन तास खराब रस्त्यावर धावलेली गाडी हळूहळू ‘ढिली’ वाटू लागते, त्यामागे हे कारण असू शकते. नायट्रोजनचा दाब तेलावर ठेवला की फेस होण्यास आळा बसतो. वायूचे मुख्य काम हेच आहे. गाडी मऊ करणे हे त्याचे प्रयोजन नाही. खऱ्या बाह्य डबीमुळे तेलाला अधिक जागा मिळते आणि ते थंड राहण्यास मदत होते. स्वस्त जोड्यांवर मात्र केवळ शोभेची, आतून शॉकअपशी न जोडलेली डबीही आढळते. तेव्हा रूपापेक्षा स्प्रिंगचा आकडा विचारावा. चालकाचे, सहप्रवाशाचे आणि सामानाचे वजन न विचारता शॉकअप हाती देणारा विक्रेता अंदाजानेच विक्री करीत असतो.

लांबी, वजन आणि कायदा

नवा शॉकअप मूळ शॉकअपइतक्याच लांबीचा असणे सर्वांत सुरक्षित. लांब शॉकअपने मागचा भाग उचलला जातो, हँडल अधिक चपळ होते, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते आणि साखळीचा ताण बदलतो. आखूड शॉकअपने टायर मडगार्डला घासण्याचा धोका संभवतो. मागून अति बसलेल्या गाडीचे परिणाम याच्या उलट असतात. पुढचे चाक हलके पडते, वळणावर हँडल जड वाटते आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरच्या वाहनचालकाच्या डोळ्यांत जातो. शॉकअपचा संबंध केवळ आरामाशी नसून सुरक्षिततेशी आहे, तो असा.

कडक स्प्रिंगने गाडीची भारक्षमता वाढत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. चौकट, चाके, टायर आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. निर्मात्याने ठरविलेली कमाल वजनमर्यादा ओलांडून सामान लादणे हे शॉकअप बदलल्यानंतरही तितकेच धोक्याचे असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद काटेकोरपणे लागू केली. त्यामुळे चिमटा किंवा चौकट कापून, जोडकाम करून शॉकअप बसविण्याच्या फंदात पडू नये. वॉरंटीतील गाडी असल्यास अधिकृत केंद्राकडे आधी विचारणा केलेली बरी.

बसविल्यानंतर

दुहेरी शॉकअप एका वेळी एकच बाजू सोडून बदलता येतात. मोनोशॉक काढताना मात्र चाक आणि चिमटा एकदम खाली येतो, म्हणून गाडीला भक्कम आधार द्यावा. दबलेली स्प्रिंग योग्य अवजाराविना सोडू नये आणि वायू भरलेला शॉकअप घरी उघडणे, छेदणे किंवा तापविणे पूर्णपणे टाळावे. नट-बोल्ट माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत.

त्यानंतर पुन्हा सॅग मोजावा. रिबाउंडचा स्क्रू असल्यास परिचयाच्या एकाच रस्त्यावरून ये-जा करीत एका वेळी दोनच खटके बदलावेत आणि प्रत्येक बदल कागदावर टिपून ठेवावा. खड्ड्यानंतर गाडी झुलत राहिली तर रिबाउंड कमी आहे. लागोपाठच्या खड्ड्यांत ती उत्तरोत्तर खाली बसत जाऊन ताठ होऊ लागली तर तो जास्त आहे, कारण स्प्रिंगला पूर्ण उलगडायला वेळच मिळत नाही.

निर्णय देताना चालकाच्या मतापेक्षा मागे बसणाऱ्या व्यक्तीच्या मताला अधिक वजन द्यावे. चालकाला खड्डा आधी दिसतो आणि तो पायांवर भार घेऊन अंग सावरतो. मागच्या व्यक्तीला धक्का न सांगता बसतो. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला चहासाठी थांबल्यावर ती व्यक्ती पाठ न चोळता गाडीवरून उतरली, तर शॉकअपवर केलेला खर्च योग्य ठिकाणी लागला असे समजावे. आणि मोजमाप करून प्रीलोडची कडी दोन खाचा फिरविताच हे साधले, तर खर्चाची गरजच नव्हती.